दुसऱ्या कंपनीची लेन्स

बांगडीएवढी काळी कडी लेन्सच्या बुडाशी लावून बारकीने हलकेच पिळली. कट्ट असा आवाज आला आणि कडी बसली. मग कडीसकट लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरून तिने पुन्हा पिळली. पुन्हा कट्ट. कॅमेरा एका कंपनीचा, लेन्स दुसऱ्या कंपनीची आणि मधली कडी भलत्याच तिसऱ्या कुणाची. तरी तिघांनी कुरकुर न करता एकमेकांना धरून ठेवलं. माणसांच्या बाबतीत इतकं सहज जमलेलं तिने फारसं पाहिलं नव्हतं.

"झालं का गं तुझं?" दादाने मागच्या अंगणातून हाक मारली. "शर्ट घामाने भिजल्यावर काढणार आहेस का फोटो?"

"आले," ती म्हणाली, पण उठली नाही. लेन्स पुढे-मागे फिरवून बघत बसली. इतकी वर्षं पेटीत पडून होती, तरी लोण्यातून सुरी जावी तशी फिरत होती. बाबांनी वस्तू जपल्या त्या अशा.

दादा-वहिनीच्या लग्नाला आज पंचवीस वर्षं होत होती. वहिनीने एकच गोष्ट मागितली होती. दोघांचा एक धड फोटो, भिंतीवर लावण्याजोगा. लग्नातल्या फोटोंत दादाचे डोळे मिटलेले होते आणि त्यानंतर दोघं मिळून कुणाच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहायचा योग काही आला नव्हता. वहिनी तशी मागणाऱ्यातली बाई नव्हे. बोलायचीही मोजकंच. म्हणूनच हा फोटो नीट यायला हवा होता. भावाच्या घरात राहणाऱ्या बहिणीला काही फेडण्याची संधी रोज थोडीच मिळते.

बारकीने चाळिशी ओलांडली होती, तरी घरात ती बारकीच. एके काळी ती एका फोटो स्टुडिओत काम करत असे. स्टुडिओच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, गाशा गुंडाळून दुसरं शहर गाठलं तेव्हा जाताना हा कॅमेरा तिच्या हातात ठेवला. लेन्सा मी नेते, बॉडी तुला, लेन्स तुझी तू शोध, म्हणाल्या. त्या कंपनीची लेन्स विकत घेणं बारकीच्या सात पिढ्यांना परवडलं नसतं. मग कॅमेरा कपाटात पडून राहिला. गेल्या महिन्यात माळा आवरताना बाबांची पेटी निघाली, पेटीत त्यांची जुनी लेन्स निघाली, आणि दोघांची सोयरीक जुळवणारी ही कडी काल टपालाने आली.

सोयरीक जुळली तरी संसार जरा अवघडच होता. इतर कॅमेऱ्यांत लेन्सला दिसतं तेच आपल्याला दिसतं. ह्याचं तसं नव्हतं. ह्याला बघायची खिडकी वेगळी, एका कोपऱ्यात. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन, आणि त्यात सगळं दोन-दोन दिसतं. स्वतःच्या कंपनीची लेन्स फिरवली की ती आतली एक दांडी ढकलते, दोन चेहरे सरकत सरकत एक होतात, आणि झाला फोकस. बाहेरच्या लेन्सचा हात त्या दांडीपर्यंत पोचत नाही. चौकोन नुसता ढिम्म बसून राहतो. वर खिडकीतून सगळं जग स्वच्छच दिसतं, लेन्सचं लक्ष कुठे का असेना. मग एक तर मागच्या स्क्रीनवर बघून फोकस करायचा, नाही तर अंतराचा अंदाज घेऊन लेन्सवर तो आकडा लावायचा. बाबा आयुष्यभर आकडेच लावत आले होते. समोरच्या माणसाकडे एक नजर टाकायचे, "दहा फूट" म्हणून पुटपुटायचे आणि दहावर काटा आणून मोकळे व्हायचे.

अंगणात जायच्या आधी ती स्वयंपाकघरात डोकावली. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. सकाळपासून तिला चारदा विनवून झालं होतं, पण फोटोत यायला ती तयार नव्हती. हा लुळा हात घेऊन काय उभी राहू, तुम्ही काढा, मी इथनं बघते, असं तिचं एकच पालुपद. बारकीने तिच्या मांडीवरचा उजवा हात उचलून नीट ठेवला, त्यावर शाल ओढली आणि डाव्या हाताशी पाण्याचा पेला सरकवला.

"जा तू," आई म्हणाली. "ते दोघं उन्हात उभे आहेत."

ऊन खरंच चढलं होतं. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघायला गेलं तर बारकीला तिचंच नाक दिसत होतं. म्हणजे बाबांचा उपाय. तिने दादा-वहिनीपासून पावलं टाकत अंतर मोजलं. दहा फूट. लेन्सवर दहाचा आकडा काट्यासमोर आणला. लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं, म्हणजे मागची भिंत, कपडे वाळत घालायची तार, स्वयंपाकघराची खिडकी हे सगळं विरघळून जाईल आणि फक्त दोघांचे चेहरे उरतील. हे तिला येत होतं. घरकामात वहिनीच्या तोडीचं तिला एकही काम येत नसलं, तरी हे येत होतं.

दादा ओळखपत्राच्या फोटोला उभा राहावा तसा उभा होता. वहिनी तोंडातल्या तोंडात त्याला काहीतरी बोलली, आणि तो एकदम खळखळून हसला. बारकीने बटण दाबलं. मग दाबतच राहिली. सहा-सात फोटो झाले. कॅमेऱ्याच्या खिडकीतून ते दोघं इतके लख्ख, इतके मोकळे दिसत होते, की तिचं मन भरून आलं.

दुपारी आईला जेवू घालून, तोंड पुसून, आडवं करून झालं. दादा आणि वहिनी फ्रेम आणायला बाजारात गेले. फोटो बघायच्या आधीच फ्रेम आणायला निघालेली वहिनी बारकीने पहिल्यांदाच पाहिली. एरवी ती भाजीसुद्धा हातात घेऊन तीनदा उलटून बघणारी. बारकी हसत हसत लॅपटॉप घेऊन बसली.

तिने पहिला फोटो उघडला.

दादा-वहिनीच्या जागी दोन डाग होते. पाण्यात भिजलेल्या कागदावरची शाई पसरावी तसे दोन चेहरे पसरले होते. हसू कुठे, डोळे कुठे, काही पत्ता नाही. तिने दुसरा उघडला. तिसरा. सगळे तसेच. कॅमेऱ्याच्या खिडकीतून इतकं लख्ख दिसलं होतं, पण ती खिडकी तर नेहमीच लख्ख असते. तिने लेन्स हातात घेऊन उजेडात तिरकी धरली. आकड्यांच्या दोन ओळी होत्या. एक फुटांची, पिवळ्या रंगाची, बाबांच्या बोटांनी जवळजवळ पुसून गेलेली. दुसरी मीटरची, पांढरी, ठळक. दहाचा आकडा दोन्ही ओळींत होता. तिने पांढरा दहा लावला होता.

दहा मीटर. म्हणजे तीसएक फूट. इतकी वर्षं ह्या धंद्यात घालवून फुटांच्या जागी मीटर. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. दोघं फ्रेम घेऊन येतील तेव्हा काय दाखवायचं?

दहा फुटांवरचं सगळं वाया गेलं होतं, पण तीस फुटांवरचं मात्र बघत राहावं असं आलं होतं. भिंतीच्या गिलाव्याचा कण न् कण. तारेवरचा प्रत्येक चिमटा. आणि दोन डागांच्या बरोबर मधून, चाकूने कापून लावल्यासारखी स्वच्छ, स्वयंपाकघराची खिडकी. बाबांची लेन्स खणखणीत होती, एवढं तरी सिद्ध झालं. तिने सवयीने तो भाग मोठा करून पाहिला.

खिडकीत आई उभी होती. वरच्या फळीवरची बरणी काढत होती.

बारकीने डोळे बारीक केले. साखरेची बरणी. डॉक्टरांनी आईची साखर बंद करून वर्ष लोटलं होतं, आणि रोज चहाच्या वेळी आई असा काही चेहरा करायची की डॉक्टरांचीच कीव यावी. पुढच्या फोटोत ती बरणी खिडकीत टेकवून झाकण फिरवत होती. त्याच्या पुढच्यात चिमूट तोंडात जात होती आणि आईचे डोळे मिटलेले होते, तृप्त. बारकी मोठ्याने हसली. चोर! दिवसाढवळ्या, दादा-वहिनी अंगणात पाठमोरी आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावून उभी असताना! दादाला कसं सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे तिने मनात जुळवलंसुद्धा. चला, फोटो बिघडला तरी रात्रीच्या जेवणाला गंमत झाली.

मग तिने फोटो आणखी मोठा केला.

आईचा डावा हात खिडकीच्या गजावर होता. तोल सांभाळायला तिने गज धरला होता. पहिल्या फोटोत, दुसऱ्या फोटोत, सगळ्या फोटोंत तो हात गजावरच होता.

मग बरणी कुठल्या हाताने काढली?

फोटो उलटा तर आला नाही ना, म्हणून तिने तपासलं. दादाचा डाग त्याच्या बाजूलाच होता. नळ जिथे असायला हवा तिथेच होता. ती पुन्हा खिडकीकडे आली. डोक्याच्या वर गेलेला तो हात, काचेच्या जड बरणीभोवती पाची बोटं घट्ट वळलेली. झाकण फिरवताना मनगटावर आलेली शीर दिसत होती. सकाळीच तिने तो हात धुतला होता, एकेक बोट वेगळं करून. तेल चोळलं होतं. तो तिच्या तळहातात पडून होता, जड, थंड, लोळागोळा. तिने उचलला तेवढा उचलला गेला आणि सोडला तसा पडला.

माणूस खोटं बोलतो हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याच्या घरी ते तिने पोटभर पाहिलं होतं. पण एखाद्याचा हात खोटं बोलू शकतो, तोही रोज, न चुकता, आपल्या हातात पडून, हे तिच्या कल्पनेतही आलं नव्हतं.

नवऱ्याचं घर सोडून ती दोन बॅगा घेऊन इथे आली त्याला चौथं वर्ष लागलं होतं. आली ती चार दिवसांसाठी म्हणून. आणि त्याच महिन्यात आईला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काही महिन्यांत परत आला, हात नाही आला. व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची, ती आशेवर होती. पण आईनेच एक दिवस पुरे म्हणून तिला बंद केलं. डाव्या हाताने जेवायला ती तयार नसे. तेव्हापासून आईचं न्हाणं, वेणी, बटणं, घास, सगळं बारकीकडे. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, बारकी आहे म्हणून आईचं होतंय. त्या एका वाक्यावर बारकी ह्या घरात ताठ मानेने राहत होती.

आणि त्याच वाक्यापायी तिने मॅडमना दोनदा नाही म्हटलं होतं. मॅडमनी तिकडे नवा स्टुडिओ काढला होता, राहायला वरची खोली देत होत्या, तूच हवीस म्हणत होत्या. परवा तिसऱ्यांदा फोन आला. सोमवारपर्यंत सांग, मग मी दुसरं कुणी बघते. बारकीने हे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून काय उपयोग? आईला घास कोण भरवणार? सोमवारचं 'नाही' तिच्याजवळ तयार होतं.

आता तिला राग आला. तो इतका मोठा होता की तिचे कान गरम झाले. मला बांधून ठेवायला. आपल्या म्हातारपणाची सोय म्हणून. स्वतःच्या लेकीला. तिने लॅपटॉप उचलला आणि आईच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

आई जागी होती. बारकीने लॅपटॉप तिच्यासमोर पलंगावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. आई उठून बसली, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. चोरी पकडली गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे यायला हवं, ते तिच्या चेहऱ्यावर येईना. आली ती भीती.

"तुझ्या वहिनीला दाखवलंस?"

"नाही."

"मग पुसून टाक."

"आई, का केलंस असं?"

आईचा चष्मा नाकावरून घसरला होता, तो तिने नीट केला. उजव्या हाताने. अगदी सहज, कुणीही करावा तसा. फोटोने बसला नव्हता एवढा धक्का बारकीला त्या साध्या हालचालीने बसला. ती पलंगावर बसली.

मग आई बोलली, थांबत थांबत. व्यायाम घेणाऱ्या मुलीचे कष्ट फुकट गेले नव्हते. काही महिन्यांतच बोटं हलायला लागली होती. आईने कुणाला सांगितलं नाही, नीट जमल्यावर एकदमच दाखवू म्हणून. एका सकाळी तिने चहाच्या कपाचा कान धरून तो उचलला. पूर्ण भरलेला कप, एक थेंबही न सांडता. ती बारकीला हाक मारणार होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून वहिनीचा आवाज आला. वहिनी दादाला विचारत होती, वन्सं अजून किती दिवस आहेत. आणि दादा म्हणाला होता, आईचं जरा सुधारू दे, मग बोलू.

"मी कप खाली ठेवला," आई म्हणाली. "म्हटलं, मग सुधारायलाच नको."

बारकीला काही क्षण शब्दांचा अर्थच लागेना. तो लागला तेव्हा इतका मोठा राग तिच्या हातात तसाच राहिला, ठेवायला जागा नसलेल्या सामानासारखा. ती आईच्या हाताकडे बघत होती. इतकी वर्षं तिने भरवलेले घास आईने पोटासाठी खाल्ले नव्हते.

"मी काय, कुठेही राहिले असते," ती कशीबशी म्हणाली.

"कुठे? त्या माणसाकडे?"

मग बारकीने मॅडमचं सांगितलं. दोनदा आलेला फोन, परवा तिसऱ्यांदा आलेला, वरची खोली, सोमवार. सांगताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटत होता. आईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. डावा हात उजव्या हातावर येऊन बसला.

"आणि तू मला बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस?"

बाहेर कुणीतरी फाटक लावल्यासारखा आवाज झाला, तशी आईने उजवा हात झटकन मांडीवर टाकला. तो असा काही सफाईने मेला, की बारकीला हुंदका आणि हसू एकदमच आलं. फाटक शेजारच्यांचं होतं. आई मात्र तोवर कामाला लागली होती. सोमवारी हो म्हणून सांग, ती म्हणाली. मी पंधरा दिवसांत बरी होते. एकदम नको, संशय येईल. आज चमचा धरते, अर्धा सांडते. उद्या थोडा कमी सांडते. परवा बटण लावून बघते. एखाद्या प्रवासाची तयारी सांगावी तसं ती सांगत होती. तिच्या आवाजात इतका उत्साह बारकीने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

संध्याकाळी दादा आणि वहिनी फ्रेम घेऊन आले. गडद लाकडाची, साधी, पण चांगली जाडजूड. वहिनीने ती कापडाने पुसून भिंतीला टेकवली आणि फोटोचं विचारलं. बारकीने खाली बघत सांगितलं, की तिचंच चुकलं, फोकस मागे गेला, उद्या सकाळी पुन्हा काढू. बाजारातून दमून आलेल्या माणसाने चिडायला हरकत नव्हती. वहिनी चिडली नाही. मागे काय आलं, तेवढंच तिने विचारलं.

"भिंत," बारकी म्हणाली.

वहिनीने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि पानं घ्यायला आत गेली.

चौघं जेवायला बसली. बारकीने नेहमीप्रमाणे आईच्या ताटात भात कालवला, चमचा भरला आणि उचलणार तेवढ्यात आई म्हणाली, थांब बारके, आज मी बघते धरून. दादाचा घास हातातच राहिला. आईने उजव्या हाताकडे असं काही बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. चमच्याच्या दांड्याभोवती बोटं एकेक करून आली, सुटली, पुन्हा आली. चमचा उठला. वाटेत तो इतका थरथरला, की सगळं ठाऊक असूनही बारकीने हात पुढे केला. अर्धा भात ताटाबाहेर पडला, थोडा हनुवटीला लागला, उरलेला तोंडात गेला.

दादा उभाच राहिला. तो आईजवळ गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग बारकीच्या डोक्यावर ठेवला. हे तुझ्यामुळे गं, एवढंच म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. आपण रडतोय हे लक्षात आल्यावर तो लाजला आणि तोंड धुवायला न्हाणीघरात गेला. आत नळ सुरू झाला.

वहिनी जागची हलली नव्हती. तिने भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं, ताटाबाहेर सांडलेली शितं बोटाने गोळा केली आणि आपल्या ताटाच्या कडेला ठेवली.

"इतक्यात कशाला, आई?" ती म्हणाली.

"इतक्यात म्हणजे?" आईने चमचा तसाच धरला होता.

"मला केव्हाचं माहीत आहे, तुमच्या हाताचं." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तसा तिचा आवाज होता. "त्या सकाळी मी बोलले ते तुम्ही ऐकलंत, तेही माहीत आहे. मी पाठोपाठच तुमच्या खोलीत आले होते. कप उजव्या बाजूला होता, आणि तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात."

न्हाणीघरात दादा नाक शिंकरत होता.

"एकदा बोलले मी तसं," वहिनी म्हणाली. "त्यानंतर कधी बोलले का?"

आईने मान हलवली. नाही.

"तुम्ही बऱ्या झालात की वन्सं दुसऱ्या दिवशी बॅगा भरणार. त्यांचा स्वभाव मला ठाऊक नाही का? थांबा म्हटलं असतं तर थांबल्या नसत्या, मी उपकार करते आहे असं वाटलं असतं त्यांना. म्हणून मी पण गप्प बसले." तिने पहिल्यांदाच बारकीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, आणि ते तिला स्वतःलाच आवडलेलं नव्हतं. "मला वाटलं होतं, आपलं असंच चालेल."

बारकीने तोंड उघडलं. मॅडम, स्टुडिओ, सोमवार, सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. दुपारी आईच्या खोलीतून बाहेर आल्याआल्या, मन बदलायच्या आत, तिने मॅडमना हो म्हणून कळवलं होतं.

आईच्या हातातून चमचा निसटला आणि ताटावर आपटून खाली गेला.

दादा तोंड पुसत बाहेर आला. पडलेला चमचा बघून तो लगबगीने वाकला, चमचा उचलून धुऊन आणला आणि आईचा उजवा हात आपल्या हातात घेऊन त्यात ठेवला.

"एका दिवसात कसं जमेल?" तो म्हणाला. "सावकाश, आई. घाई नाही कुणाला."

आईने ह्या वेळी खरोखर प्रयत्न केला. बारकीला तो दिसला, वहिनीलाही दिसला. पण बोटं मिटेनात.